नाव यादीत दिसतंय पण शोधलं की सापडत नाही : मराठी डेटाबेसात काय काय तपासायचं

इंदुरात मंडळांच्या सभासद-याद्या, एका वाचनालयाचा कॅटलॉग, दोन-तीन दवाखान्यांचं पेशंट रेकॉर्ड असले छोटे डेटाबेस मी सांभाळतो. बहुतेक मायएसक्यूएल या डेटाबेस प्रोग्रॅमवर आहेत, एक-दोन पोस्टग्रेसवर. आणि वर्षातून चार-पाच वेळा तोच फोन येतो, "अहो ते नाव समोर यादीत दिसतंय, पण सर्चमध्ये टाकलं की शून्य!" समोरच्याचं आधीच ठरलेलं असतं की इंडेक्स (पटकन सापडावं म्हणून डेटाबेस ठेवतो ती सूची) बिघडला, कुणी तर इंडेक्स उडवून परत बनवूनही झालेलं असतं. आणि बघायला गेलं तर इंडेक्स बिचारा ठीक असतो, घोळ अक्षरांचा असतो.

तर आधी लक्षणं. यातलं तुमचं कुठलं ते बघून ठेवा, एकापेक्षा जास्तही असू शकतात.

– नाव यादीत आहे, सर्चला शून्य.
– रेकॉर्डमधून कॉपी करून सर्चमध्ये पेस्ट केलं तर सापडतं, हाताने टाईप केलं तर नाही.
– मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, किंवा डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या इंग्रजी लहान ए ची रांग.
– नवीन नाव भरताना "ड्युप्लिकेट एंट्री" म्हणून अडवतो, नाव तर वेगळं आहे.
– मोठे शब्द सापडतात, "घर", "आई" सापडत नाहीत.
– सापडतं, पण चहा होईस्तोवर वाट बघावी लागते.
– काल चालत होतं, सर्व्हर किंवा ओएस बदलली आणि आज अर्धी नावं गायब.

काहीही करायच्या आधी डंप, म्हणजे अख्ख्या डेटाबेसची फाईलमधली प्रत, काढा. डंप निघेस्तोवर पोहे खाऊन या पण डंप काढा, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून मराठी नीट दिसतंय का ते बघा, कारण डंपही चुकीच्या कॅरॅक्टर सेटमध्ये (कुठलं अक्षर कुठल्या बाईटने साठवायचं त्याचा तक्ता) निघू शकतो आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

१. नुसतं डोळ्यांनी बघा

फुकट आणि दोन मिनिटांचं काम. स्क्रीनवर नक्की काय दिसतंय यावरून अर्धं निदान होतं.

चौकोनी डबे दिसत असतील तर त्या मशीनवर फॉन्ट नाही, डेटाबेसला हात लावू नका.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान ए, त्याच्यामागे चारी कोपऱ्यांना मिशा फुटलेलं वर्तुळ, मधूनच जपानी येनची खूण, अशी रांग दिसत असेल तर घाबरू नका. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रा धरून, यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) मध्ये तीन बाईट घेतं आणि त्यातला पहिला बाईट हेक्समध्ये, म्हणजे ०-९ आणि ए-एफ ने लिहिलेल्या आकड्यांत, कायम ई० असतो, दुसरा ए४ किंवा ए५. हेच बाईट कुणी लॅटिन१ (युरोपी भाषांचा जुना कॅरॅक्टर सेट) समजून वाचले की ई० चा होतो रेघवाला ए, ए४ चं ते मिशाळ वर्तुळ आणि ए५ चा येन. म्हणजे माल बहुतेक शाबूत आहे, वाचणारा चुकतोय. निदान तशी आशा आहे, पक्कं पुढे हेक्समध्ये कळेल.

नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मात्र पोटात गोळा यायला हरकत नाही.

आणि एक खास आपल्याकडचा प्रकार. नाव एखाद्या फॉन्टमध्ये मराठी दिसतं आणि फॉन्ट बदलला की इंग्रजी कचरा. ते कृतीदेव, युनिकोड नसलेला जुना फॉन्ट. मध्य प्रदेशात वर्षानुवर्षं टायपिंग त्याच्यातच झालंय, त्यामुळे कुणाच्या तरी जुन्या फाईलमधून दोन हजार नावं जशीच्या तशी डेटाबेसात ओतलेली असतात. कृतीदेवमध्ये "मराठी" हा शब्द म्हणजे प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं. ती युनिकोड "मराठी"शी कशी जुळणार भिया? यावर कॅरॅक्टर सेट, कोलेशन (अक्षरं तोलायचे नियम, पाचवा मुद्दा) काहीही बदलून उपयोग नाही. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्यायचं, मग एकेक नाव डोळ्याखालून घालायचं, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात.

२. कॉपी-पेस्टची परीक्षा

रेकॉर्डमधलं नाव उचला, सर्चमध्ये चिकटवा. सापडलं, पण हाताने टाईप केल्यावर सापडत नसेल, तर कनेक्शन ठीक आहे, इंडेक्सही बहुधा ठीक आहे. दिसायला एकच असलेली दोन नावं आतून वेगळी आहेत, सरळ चौथ्या मुद्द्यावर जा. चिकटवूनही सापडत नसेल तर तिसरा मुद्दा.

हो, आणि अहल्या-अहिल्या, पागनीस-पागणीस हे शुद्धलेखनाचे फरक आहेत. त्यात डेटाबेसचा काही दोष नाही, तो आपला.

३. हेक्स आणि कनेक्शन

स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, कारण स्क्रीनपर्यंत येताना अक्षरं तीन-चार हातांतून जातात. कॉलमला हेक्स फंक्शन लावून एक चांगली आणि एक बिघडलेली ओळ काढा. मायएसक्यूएलमध्ये सोबत कॅर_लेंग्थ (अक्षरं किती) आणि लेंग्थ (बाईट किती) दोन्ही मागा. "मराठी" म्हणजे म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी पाच अक्षरं, पंधरा बाईट. कॅर_लेंग्थ ५, लेंग्थ १५ आणि हेक्स ई०ए४एई असं सुरू होत असेल तर आतला माल चोख आहे, बाहेरचा कुणीतरी गडबड करतोय.

कॅर_लेंग्थ १५ आली तर दोन शक्यता. लेंग्थही १५ आणि हेक्स चोख, म्हणजे कॉलम लॅटिन१ चा आहे आणि आत यूटीएफ-८ बाईट बसलेत. पण हेक्स सी३ए०सी२ए४ ने सुरू होत असेल तर ते दुहेरी एन्कोडिंग, यूटीएफ-८ ला लॅटिन१ समजून पुन्हा यूटीएफ-८ केलंय. दोन्ही बहुतेक वेळा परत येतात, पण दोन्हींचा इलाज वेगळा, म्हणून आधी कुठलं ते ओळखा.

हेक्समध्ये ३एफ ३एफ ३एफ असेल तर ते खरोखरचं प्रश्नचिन्ह आहे, मूळ अक्षर सेव्ह होतानाच गेलं. ते कुणीही परत आणू शकत नाही. मी नाही, हजारो रुपये घेणारा नाही. जुना बॅकअप, नाहीतर कागदी फॉर्म काढून परत भरणं.

आतला माल चोख निघाला तर कनेक्शन बघा. शो व्हेरिएबल्स देऊन कॅरॅक्टर_सेट ने सुरू होणारे सगळे मागवा आणि क्लायंट, कनेक्शन, रिझल्ट्स या तिघांकडे बघा. तिघंही यूटीएफ८एमबी४ पाहिजेत. आणि हे तुमच्या ॲडमिन टूलमधून बघून उपयोग नाही, ॲप्लिकेशनच्या कनेक्शनमधून बघा, टूल आपलं स्वतःचं सेटिंग घेऊन येतं. पीएचपी असेल तर जोडणी झाल्याबरोबर सेट_कॅरसेट पाहिजे. नव्वद टक्के जागी ती ओळ असते आणि उरलेल्या एका जुन्या फाईलमध्ये नसते, आणि नेमक्या त्याच फाईलमधून नवीन सभासद भरले जातात. म्हणजे जुनी नावं ठीक, नवीन बिघडलेली.

मायएसक्यूएलमध्ये नुसतं "यूटीएफ८" लिहिलं की अनेक वर्षं त्याचा अर्थ तीन बाईटवालं, म्हणजे एमबी३ असा होत आलाय. देवनागरी त्यात बसते, म्हणून कुणाला कळत नाही. मग कुणीतरी नावापुढे हात जोडलेला किंवा फुलाचा इमोजी टाकतो, तो चार बाईटचा, आणि ओळ घ्यायलाच नकार मिळतो, नाहीतर ढिल्या मोडमध्ये तिथून पुढचा मजकूर कापला जातो. यूटीएफ८एमबी४ हे ५.५.३ पासून आहे आणि ८.० मध्ये तेच डिफॉल्ट झालं, त्याआधी डिफॉल्ट होतं लॅटिन१ आणि कोलेशन चक्क स्वीडिश! इंदुरातल्या मराठी मंडळाची यादी स्वीडिश क्रमाने, विचार करा.

४. दिसायला एक, आतून तीन

माझ्याकडचे खरे फोन इथले असतात, म्हणून जरा सविस्तर.

गणपतीत पासांची यादी काढायची होती आणि एका काकूंचं नाव निघेना. आडनाव कऱ्हाडकर. मंडळाचे चिटणीस माझ्यासमोर टाईप करतायत, शून्य. यादी खाली सरकवली तर नाव हे काय समोर, बोट ठेवून दाखवतायत मला. "तुमचा कॉम्प्युटर काकूंना ओळखत नाही" म्हणाले. कॅर_लेंग्थ काढली. चिटणिसांनी टाईप केलेलं ८ अक्षरांचं, यादीतलं ९ चं. कागदावर दोन्ही एकच.

झालं असं की हा जो आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे, ऱ्ह, ऱ्य मधला, तो तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडात ०९३१, आणि पुढे हलंत. दोन, साधा र, खाली नुक्ता (टिंब), मग हलंत. तीन, साधा र, हलंत आणि मागे एक अदृश्य जोडणारं चिन्ह, झीरो विड्थ जॉइनर, २००डी. स्क्रीनवर तिन्ही सारखे. जुने कीबोर्ड आणि जुन्या कन्व्हर्टरमधून आलेला माल बहुतेक तिसऱ्या तऱ्हेचा असतो, मोबाईलवर भरलेला पहिल्या. कऱ्हाडकर, गोऱ्हे, कुऱ्हाडे ही सगळी आडनावं त्यात अडकतात.

यातले पहिले दोन युनिकोडच्या नियमाने एकच मानले जातात, म्हणून एनएफसी नॉर्मलायझेशन (तेच अक्षर एकाच तऱ्हेने लिहायचा युनिकोडचा नियम) चालवलं की दुसऱ्याचा पहिला होतो. पोस्टग्रेसमध्ये १३ पासून नॉर्मलाईझ नावाचं फंक्शनच आहे. मायएसक्यूएलमध्ये तसं नाही, ते ॲप्लिकेशनमध्ये करावं लागतं. पण तिसरा, जॉइनरवाला, एनएफसीला जुमानत नाही, तो रिप्लेसनेच बदलायचा. ई०ए४बी० ई०ए५८डी ई२८०८डी या नऊ बाईटच्या जागी ई०ए४बी१ ई०ए५८डी हे सहा. मायएसक्यूएलमध्ये हेक्सच्या आधी कॅरॅक्टर सेटचं नाव लावायला विसरू नका, नाहीतर तो त्याला बायनरी समजतो.

आता मोह होतो की सगळेच अदृश्य जॉइनर उडवून टाकावेत, एका ओळीचं काम. करू नका. जॉइनर नुसता उडवलात तर अर्ध्या र चा रफार होतो, दऱ्याचं दर्या होतं, आणि आचाऱ्यांना जेवण पाठवायचं ते आचार्यांना जातं. बदलायचंय, उडवायचं नाहीये.

तसंच ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये ५.१ आवृत्तीत, २००८ साली आलं, त्याआधी सगळे अ वर चंद्र देऊन लिहायचे. "ॲडव्होकेट" दोन्ही तऱ्हांनी साठलेलं असतं आणि एनएफसी यांना एक मानत नाही, इथेही रिप्लेस. आणि हिंदी कीबोर्डवरून आलेले ड़, ढ़, तेही एकसंध आणि नुक्ता जोडून असे दोन प्रकारे येतात. इंदुरात हिंदी-मराठी मिसळूनच टाईप होतं त्यामुळे हे असणारच. गंमत म्हणजे एनएफसी इथे उलटं करतं, जोडण्याऐवजी फोडतं, पण एकसारखं करतं ना, बस.

मी काय करतो, मूळ नाव तसंच ठेवतो आणि शेजारी "शोध" नावाचा दुसरा कॉलम करतो, त्यात सगळं एकसारखं केलेलं नाव, इंडेक्स त्याच्यावर. सर्चमध्ये जे टाईप होईल त्यालाही तेच नियम लावायचे. दोन्हीकडे लावले नाहीत तर काही उपयोग नाही, आणि माणसं नेमकं एकीकडेच लावतात.

५. कोलेशन, म्हणजे तराजू

कोलेशन ठरवतं की दोन अक्षरं सारखी मानायची का आणि आधी कुठलं. जुन्या टेबलांत जनरल_सीआय असतं, ते देवनागरीचं एकेक अक्षर वेगळं तोलतं, म्हणून वरचा अर्ध्या र चा घोळ तिथे पुरता दिसतो. ८.० चं डिफॉल्ट यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय, ते उलट फार उदार (एआय_सीआय म्हणजे खुणा आणि लहान-मोठं न बघणारं). ही परीक्षा घ्या: सिलेक्ट लिहून 'चिंता' बरोबर 'चिता' का ते विचारा. उत्तर १ आलं तर तुमच्या तराजूला अनुस्वाराचं वजनच नाही, आणि युनिक (एक नाव एकदाच घेणाऱ्या) इंडेक्सवर ड्युप्लिकेटचा आरडाओरडा का होतोय ते कळलं. मग दऱ्या आणि दर्याही विचारून बघा. नावांच्या कॉलमला एएस_सीएस (खुणा आणि लहान-मोठं बघणारं) प्रकारचं कोलेशन द्या, त्यात असे फरक धरले जातात.

अजून एक, बरोबरच्या चिन्हाने सापडतं आणि लाईकने (अर्धवट शब्दावरून शोधणारी आज्ञा) नाही असंही होतं. कारण लाईक एकेका अक्षराने जुळवतं, अख्खा शब्द तोलत नाही.

क्रमाचं म्हणाल तर युनिकोडात ळ हा ल च्या लगेच मागे बसलाय, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. नुसत्या कोडने लावलेली यादी म्हणून ज्येष्ठ मंडळींना खटकते. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन मिळतं, एमआर-एक्स-आयसीयू. मायएसक्यूएलमध्ये मराठीचं वेगळं नाही.

दोन टेबलं जोडताना एकीकडे एमबी३ आणि दुसरीकडे एमबी४, किंवा कोलेशन वेगवेगळं असेल तर कधी "इललीगल मिक्स" म्हणून एरर येते आणि कधी काहीच न बोलता इंडेक्स वापरणं सोडून देतो. न बोलणारं जास्त वाईट.

६. आता इंडेक्स

इथवर सगळं ठीक असेल तरच. क्वेरीच्या आधी एक्सप्लेन लावा, डेटाबेस कसा शोधणार ते तो सांगतो. टाईपमध्ये ऑल आलं म्हणजे अख्खं टेबल चाळतोय. सगळ्यात सामान्य कारण, लाईकमध्ये शब्दाच्या आधीही टक्का (%, म्हणजे इथे काहीही चालेल) लावलाय. डिक्शनरीत "शेवटी कर असलेली आडनावं" शोधायला लागलात तर पहिल्या पानापासूनच बघावं लागेल ना, तसंच. टक्का फक्त शेवटी ठेवा. कॉलमला एखादं फंक्शन गुंडाळलं असेल तरी साधा इंडेक्स बाद. पोस्टग्रेसमध्ये "सी" (नुसत्या कोडच्या क्रमाने लावणारं) सोडून दुसरं कोलेशन असेल तर शेवटी टक्का असूनही साधा इंडेक्स लाईकला चालत नाही, टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स लावून वेगळा करावा लागतो.

छोटे शब्द सापडत नाहीत ते फुलटेक्स्ट (मजकुरातले शब्द शोधणाऱ्या) इंडेक्समुळे. मायएसक्यूएलच्या इनोडीबी प्रकारच्या टेबलात कमीत कमी तीन अक्षरांचा शब्द घेतो, जुन्या मायआयसॅम प्रकारात चार. "घर" दोन, "आई" दोन, गेले. "नदी" वेलांटी धरून तीन, बसते. वाचनालयाच्या कॅटलॉगमध्ये हे फार जाणवतं. सेटिंग कमी करता येतं, पण सर्व्हर रीस्टार्ट करून फुलटेक्स्ट इंडेक्स नव्याने बनवल्याशिवाय फरक पडत नाही, आणि हे दुसरं लोक विसरतात.

एमबी४ करताना "की टू लाँग, ७६७ बाईट" असं आलं तर जुना रो फॉरमॅट (ओळी साठवायची तऱ्हा) आहे. २५५ अक्षरं गुणिले चार म्हणजे १०२०, मावत नाही. जुन्या कोडमध्ये सगळीकडे १९१ हा विचित्र आकडा दिसतो तो यामुळेच, १९१ चोक ७६४. डायनॅमिक फॉरमॅटला मर्यादा ३०७२ आहे, तो करा.

७. ओएस बदलल्यावर बिघडलं असेल तर

पोस्टग्रेसवाल्यांनी नीट वाचा. पोस्टग्रेस क्रमवारीसाठी बऱ्याचदा ओएसच्या जीलिबसीवर (लिनक्सची मूळ लायब्ररी) अवलंबून असतो. २०१८ च्या २.२८ आवृत्तीत तिने क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. डेबियन १० किंवा रेड हॅट ८ च्या आधीच्या मशीनवरून डेटाची फाईल तशीच उचलून नव्यावर ठेवलीत तर इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधतोय. ओळ आहे पण सापडत नाही, आणि युनिक कॉलममध्ये खरीखुरी डुप्लिकेट घुसतात. खरोखर इंडेक्सचा दोष असलेला प्रकार हाच. ॲमचेक या पोस्टग्रेसच्या इंडेक्स तपासायच्या साधनाने तपासा. डुप्लिकेट अजून घुसली नसतील तर रीइंडेक्सने काम होतं, घुसली असतील तर रीइंडेक्सच अडतो. मग थांबा.

८. दुरुस्ती, आणि कुठे थांबायचं

लॅटिन१ कॉलममध्ये यूटीएफ-८ बाईट असतील तर आधी कॉलम बायनरी प्रकारचा करायचा, मग यूटीएफ८एमबी४. सरळ "कन्व्हर्ट टू" चालवलंत तर तो प्रत्येक बाईट इमानेइतबारे लॅटिन समजून बदलतो आणि साध्या बिघाडाचं दुहेरी एन्कोडिंग करून ठेवतो. मला कसं माहीत? एका दवाखान्याचं अख्खं टेबल मी रात्री अकरा वाजता असंच केलंय. सकाळी नऊला पेशंट यायच्या आत आदल्या दिवसाच्या डंपवरून परत आणलं, तो डंप नसता तर आज दुसरा धंदा करत असतो.

दुहेरी एन्कोडिंगला उलट जायचं, लॅटिन१ मध्ये कन्व्हर्ट, मग बायनरी, मग यूटीएफ८एमबी४. आधी नुसतं सिलेक्टमध्ये चालवून शंभर ओळी वाचा. अपडेट त्यानंतर, आणि तोही कॉपीवर.

हे दिसलं तर हात बाजूला आणि जाणकार डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्या तज्ज्ञाला) फोन: एकाच कॉलममध्ये चांगल्या, एकदा बिघडलेल्या आणि दोनदा बिघडलेल्या ओळी मिसळलेल्या, ॲमचेकने एरर दिली आणि डुप्लिकेट घुसलेली, डंप अर्ध्यात थांबतोय, पैशांचे किंवा औषधांचे रेकॉर्ड आहेत आणि चालू सर्व्हर बंद ठेवता येत नाही, किंवा बॅकअपच नाही. या शेवटच्यात तर कुठलीही अपडेट चालवायच्या आधीच फोन करा, चालवल्यानंतर नाही.

फोन करताना नुसतं "मराठी येत नाही" सांगू नका. एका चांगल्या आणि एका बिघडलेल्या ओळीचं हेक्स, डेटाबेसची आवृत्ती, कॅरॅक्टर_सेटचे सगळे व्हेरिएबल, टेबलचं शो क्रिएट, आणि शेवटचं कधी नीट चालत होतं ती तारीख, एवढं एका टेक्स्ट फाईलमध्ये पाठवा. स्क्रीनचा मोबाईलने काढलेला फोटो नको. फोटोत कऱ्हाडकर आणि कर्‍हाडकर सारखेच दिसतात.